बसायचा मान

कालोलाइनेला बसता येत नाही. पाय चांगले धडधाकट आहेत हो, खोट आहे ती बुडात. तिची आई म्हणायची, ही पोटात असताना मी चुकून लाल मुंग्या गिळल्या असणार. चर्चमध्ये प्रार्थना सुरू झाली की हिचे पाय सुरू. इतर बायका चटया विणायला दिवस दिवस मांडी घालून बसायच्या. ही चार पट्ट्या विणून उठायची आणि म्हणायची, "डुकरं ओरडतायत." गावातल्या डुकरांची एवढी बदनामी दुसऱ्या कुणी केली नसेल.

नवरा मिळाला मानासे, मासे धरणारा. तोही घरात टिकायचा नाही, त्यामुळे संसार छान झाला. पोरं ऑकलंडला गेली. ही बाजारात नारळ आणि अळूचे कंद विकते, तेही उभ्यानं. आणि गावात लग्न असो की मयत, कालोलाइने मागच्या दारी. विलायती फणस सोल, नारळ खव, पोरांना हाकल, बायकांना दटाव. पुढच्या दारी बसायला तिची थोरली बहीण होती ना, लेसिएली. काय बसायची! दगडी खांब झक मारेल.

आमच्या बेटांवर भावापेक्षा बहीण वर, भाऊ वयानं मोठा असला तरी. आणि भावाच्या पोरांच्या कार्यात सगळ्यात वर आत्या. तिला आम्ही फाहू म्हणतो. केकचा पहिला थर तिचा, पहिलं ताट तिचं, आलेल्या चटयांतली उत्तम चटई तिची. त्या बदल्यात तिनं करायचं काय? काही नाही. सगळ्यांसमोर बसायचं. तिनं नुसती पळी जरी उचलली तरी लोक म्हणणार, भावाला माणसं नाहीत वाटतं, बहिणीला राबवतोय.

गेल्या वर्षी लेसिएली गेली. आणि यंदा भावाच्या, म्हणजे सोसाइयाच्या पोरीचं, मेलेनाइतेचं लग्न निघालं. फाहू कोण? आमची मुंगीबाई.

"आत्या, तू बसशील ना गं?" मेलेनाइतेनं तिचा हात घट्ट धरून विचारलं. "नवऱ्याकडचे लोक हापाईच्या बेटांवरून बोटीनं येणारेत. माझ्या मागं माणसं आहेत की नाहीत, ते तुझ्याकडे बघूनच ठरवणार."

"बसेन की. त्यात काय कौशल्य आहे?" कालोलाइने म्हणाली, आणि तेवढं म्हणतानासुद्धा उभीच होती.

लग्नाच्या दिवशी तिला चटयांच्या ढिगावर बसवलं. कमरेला आजीच्या वेळची चटई, इतकी मऊ की फडक्यासारखी दिसावी. आमच्यात जुनं तेच भारी. भावजय ओफेइना येऊन हळूच म्हणाली, "वन्सं, आज तुमच्या हातात चमचा दिसला तर मी समुद्रात उडी घेईन."

"घे बाई. तुला पोहता येतं, मला ठाऊक आहे."

शेजारी नवऱ्याकडची आत्या बसली होती, फूसी. नाव एवढंसं आणि बाई डोंगराएवढी. बसायची कला म्हणजे काय ते तिच्याकडून शिकावं. पापणीसुद्धा हलत नव्हती. इकडे कालोलाइनेच्या पायाचे अंगठे चटईखाली नाचत होते.

"लघवीला जायचंय का?" फूसीनं समोर बघतच विचारलं.

"नाही."

"मग हलता कशाला? चटईला भोक पडेल."

आता नशीब बघा. बसवलं ते नेमकं खिडकीसमोर. खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं आणि अंगणात उमू, आमची जमिनीतली भट्टी. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर डुकरं आणि अळूच्या पानात बांधलेल्या मांसाच्या पुड्या, वर केळीची पानं, गोणपाटं आणि माती. सोसाइया आणि त्याचे भाऊबंद उघड्या अंगानं राबत होते. आणि मातीच्या डाव्या कोपऱ्यातून वाफ निघत होती. बारीक, पण निघत होती. वाफ पळाली म्हणजे आतलं सगळं कच्चं. मेलेनाइतेला हापाईत जन्मभर ऐकावं लागलं असतं, कच्च्या डुकराची सून आली म्हणून.

तिनं डोळ्यांनी ओफेइनाला बोलावलं. "वहिनी, वाफ जातेय."

"वन्सं, तिथं गडी माणसं आहेत."

"म्हणून तर काळजी वाटते. जाऊन सांग त्यांना."

"बरं, सांगते," म्हणत ओफेइना निघाली, तर दारातच विहीणबाईंनी तिला धरली आणि बोटीच्या प्रवासात कोणाला किती उलट्या झाल्या ते सांगत बसल्या. वाफ आता मनगटाएवढी झाली. पाद्रीबाबा बोलत होते, तिला नुसते ओठ हललेले दिसत होते. वाफ, ओठ, वाफ, ओठ. आणि तिला कळायच्या आत ती उठली. मागच्या दारानं थेट अंगणात.

इथंच घोटाळा झाला. ती वाफेच्या नादात विसरलीच, की ते सगळे तिचे भाऊ. सख्खा एक, बाकी चुलत, मावस, पण आमच्यात सगळे भाऊच. वयात आलेल्या बहिणीसमोर भाऊ उघड्या अंगानं उभा राहत नाही, एका जागी थांबतसुद्धा नाही. ती दिसली मात्र, जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. एकानं तर डुकरांच्या कुडावरून उडी मारली, आणि आतल्या डुकरांनी पहिल्यांदाच खरोखर ओरडून घेतलं.

सोसाइयाच्या हातात फावडं होतं, त्यावर ओल्या मातीचा ढीग. डाव्या कोपऱ्यावर टाकायला त्यानं उचललंच होतं. बहिणीला बघून त्यानं ते हळूच खाली ठेवलं आणि विलायती फणसाच्या झाडामागं गेला.

लहानपणी ही दोघं एकाच फांदीवर बसून दुसऱ्यांचे आंबे खायची. ती मोठी झाली आणि तो चुलत्यांच्या खोपीत झोपायला गेला. तेव्हापासून एका खोलीत बसणं नाही, थट्टा नाही. भांडण नव्हे हो. दोन माणसांमधल्या जागेला आम्ही ‘वा’ म्हणतो, आणि ती अंगणासारखी झाडून-पुसून ठेवावी लागते.

झाडामागून आवाज आला. कुत्र्याशी बोलत होता. "पांढऱ्या, कुणाला तरी सांग बाबा, पोरीच्या बापाला डोळे आहेत."

कालोलाइनेही कुत्र्याकडेच बघत म्हणाली, "पांढऱ्या, त्याला सांग, डावा कोपरा."

"पांढऱ्या, डावा-उजवा त्याला कळतो म्हणावं."

"मग थांबलाय कशाला, विचार!"

"ती इथं उभी आहे तोवर मला पुढं येता येत नाही, सांग तिला. तिनं बसायचं, मग माझं काम."

पांढऱ्या बिचारा शेपूट हलवत इकडे बघ, तिकडे बघ.

फावडं पायाशीच होतं. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं. तिचे तळहात खाजत होते. मागं वळून बघितलं, तर खिडकीत हापाईची सगळी डोकी. वाफ तशीच चाललेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापुढं असं काम आलं, की जे बसल्याशिवाय होणार नव्हतं.

ती परतली. घरात सगळे तिच्याकडेच बघत होते. मेलेनाइतेचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात फूसीचा आवाज घुमला, "काय बघताय सगळे? माणसाला पोट असतं! जाऊन आल्या त्या."

पोरं खिदळली, बायका हसल्या, पाद्रीबाबा घसा खाकरून पुढं बोलू लागले. कालोलाइने बसली. कानापर्यंत लाल.

"आता बरं वाटतंय?" फूसीनं समोर बघतच विचारलं.

"अजिबात नाही."

"बसा तशाच. मी पण तशीच बसलेय."

खिडकीकडे तिनं मान वळवली नाही. मानेची शीर दुखायला लागली तरी नाही. फावड्याचा आवाज तेवढा ऐकला, धप्प, धप्प. मग कितीतरी वेळ काहीच नाही.

अखेर ताटं आली. पहिलं तिच्यापुढं. त्यात एक पुडी वेगळी ठेवली होती, खुणेला पानाला गाठ मारून. सोडली, तर नारळाचं दूध घट्ट झालेलं, मांस मऊ लोण्यासारखं. आणि कांदा? कांदा नव्हता. शेजारच्या फूसीच्या पुडीत होता, सगळ्यांच्या पुड्यांत होता. लहानपणी ही कांदा वेचून वेचून सोसाइयाच्या पानात टाकायची.

पुडीतला घास हातात घेऊन ती उठणारच होती, मागं जाऊन पांढऱ्याला काहीतरी सांगायला. फूसीनं नुसतं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बसली बाई. अंगठे मात्र चटईखाली चालूच होते.