एका वेळी एकच माणूस

अख्ख्या सुरतेत कसलीच घाई नसलेलं एकच माणूस मी पाहिलं, आणि माझं नशीब बघा, नेमकी तीच बाई माझी वरिष्ठ निघाली. मूळच्या अमळनेरकडच्या, पण इथे सगळे त्यांना मोठ्या बेन म्हणत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला समाजकार्याची ताजी पदवी मिरवत मी संस्थेत त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा महिन्याभरात निदान लिंबायतची कामगार वस्ती तरी सुधारून टाकायचं माझ्या मनात होतं. बेनना एका वेळी एकच माणूस दिसे. एकदा संस्थेने गोडादऱ्याच्या वस्तीत दीडशे बायकांची सभा भरवली. माइक लागला, बायका जमल्या, आणि बेन गायब! शोधलं तर मंडपामागे एका म्हातारीशी तिच्या सुनेबद्दल बोलत बसलेल्या. मी जाम तडकले. तर म्हणतात कशा, "अगं, दीडशे जणींना एकदम काय सांगू? प्रत्येकीचा नवरा वेगळा!"

चहाला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवसाला अकरा कप, आणि पर्समध्ये पित्ताच्या गोळ्या. कुणाच्या घरी गेल्या की खुर्ची दिली तरी जमिनीवर बसत. घरातली बाई साड्यांचे धागे कापत असली की यांनीही कात्री घेतलीच म्हणून समजा. एकदोन साड्यांना भोकं पाडलेली मी स्वतः पाहिली आहेत. पण खरा कहर होता तो फाइलींचा. ज्याच्याबद्दल लिहायचं, ते त्याला वाचून दाखवायचं, हा त्यांचा नियम. "पाठीमागे बोलायला शेजारी आहेत की," म्हणायच्या. ऑफिसातले सगळे कपाळाला हात लावत, मीही लावी.

त्याच सुमारास भिकनची केस आली. धुळ्याकडचा लूम कारीगर, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार. डाव्या हाताची दोन बोटं लूममध्ये गेली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला, तो बसलाच. हात टॉवेलात गुंडाळलेला. थोरल्या भावाने ठरवून टाकलं होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्यांना गावी न्यायचं आणि तिथंच ठेवायचं. पोरगी सहावीत, हुशार. तिची शाळा सुटणार. बायको रडकुंडीला आलेली. "गावी गेले तर हे खाटेवरून उठणारच नाहीत, बेन," एवढंच म्हणे. बेन मला घेऊन दर बुधवारी जात आणि भिकनच्या पाठीशी गप्पा मारत. ऊन किती वाढलंय, भरताची वांगी इथे तशी मिळत नाहीत, असलं काहीबाही. सात बुधवार गडी हूं की चूं करेना. आठव्या बुधवारी मी वैतागून तिथेच फाइलीत लिहिलं, 'सहकार्य करत नाही.' बेननी फाइल उचलली आणि मोठ्याने वाचली. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

भिकन गर्रकन वळला आणि अहिराणीत ओरडला. "हाई खोटं शे! मना हात कामना नही राहिना, मी काय करू?"

"खोटं आहे? मग खोडते," बेन शांतपणे म्हणाल्या. "खरं काय ते सांगा, तसं लिहू."

आणि तो दोन तास बोलला. लाज, भीती, लोकांच्या नजरा, सगळं. शेवटी टॉवेल सोडून हात पुढे केला आणि म्हणाला, कापडातला तुटका धागा मला अजूनही लांबून दिसतो. मी काही सुचवणार, तेवढ्यात बेननी मला असा चिमटा काढला की बस्स! पुढच्या बुधवारी त्यानेच विचारलं, कापड तपासायच्या कामावर मला कोणी घेईल का? बेन त्याच्याबरोबर मालकाकडे गेल्या, पण बोलला तो. आखाजीला भाऊ एकटाच गावी गेला.

पावसाळा संपता संपता एका बुधवारी आम्ही गेलो, तर दाराला कुलूप. म्हटलं, गेले वाटतं शेवटी गावी! शेजारीण म्हणाली, "भिकनभाऊ कामावर, पोरगी शाळेत, वहिनी बाजारात. या घरात आता दिवसा कोणी सापडत नाही, बेन."

बेन त्या कुलपाकडे बघून लहान मुलीसारख्या हसल्या. रिक्षात बसल्यावर मात्र पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "फार बरं झालं गं. पण आता बुधवारी मी कुठे जाऊ?"

वर्षभर मी या बाईवर चिडत आले होते. त्या रिक्षात मला त्यांची इतकी माया आली की काय सांगू! मी त्यांचा हात धरला. संस्थेचं ऑफिस येईपर्यंत दोघींपैकी कुणीच तो सोडला नाही.