उघडी पाठ चालते, पोटऱ्या चालत नाहीत

परवा नातीने जहाजावरच्या सहलीचे फोटो दाखवले. मोठ्या मेजवानीला लोक अर्ध्या चड्डीत बसले होते. तिला वाटलं आजी हसेल. आजीचं डोकं सणकलं.

आम्ही गेलो तेव्हा बडोद्याहून असं जहाजावर जाणं नवीनच होतं. मुलाने अमेरिकेतून सहल काढून दिली होती, सिंगापूरहून जहाज. सहलीच्या म्होरक्याने आधीच बजावलं होतं की एका संध्याकाळी कप्तानाबरोबर जेवण असतं, फॉर्मल नाइट. पुरुषांना सूट, बायकांना गाऊन किंवा भारी साडी.

मी पन्नाशीची, अंगाने भरलेली बाई, ती गाऊनच्या मागे लागले. साडी काय, रोजचीच. बडोद्याच्या मांडवीतल्या ज्या शिंप्याने जन्मभर चणिया-चोळ्या शिवल्या, त्याच्यापुढे मासिकातलं चित्र ठेवलं. त्याने कमरेखाली इतकं कडक बकरमाचं कापड भरलं की मी बसले तरी गाऊन उभाच. पाठ मात्र चित्राबरहुकूम उघडी. समा भागातल्या आमच्या घरात मी उंच टाचांवर चालायचा सराव करायचे आणि सासूबाई सुपारी कातरत बघायच्या.

"पडायचं असेल तर इथेच पडून घे," म्हणायच्या. "तिथे माझी सहल नासवू नकोस."

त्या निघाल्या होत्या त्या जेवणासाठीच. सासरे संस्थानच्या नोकरीत. राजवाड्यात मेजवानी असली की सासूबाईंनी अंगरख्याला इस्त्री करायची, पगडी पुसून हातात द्यायची, आणि ते परतले की काय काय वाढलं ते ऐकायचं. घरच्या बायकांना बोलावणं नसे. "एकदा स्वतः बसून बघते," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वय अठ्ठ्याहत्तर. त्या संध्याकाळी मोतिया रंगाची चंदेरी नऊवारी नेसायला त्यांना तासभर लागला, मध्ये दोनदा पलंगावर टेकल्या.

खोलीबाहेर आलो तर म्होरक्या टाय सारखा करत उभा. माझ्या उघड्या पाठीकडे बघून म्हणाला, "वाह बेन." मग सासूबाईंकडे बघून मला बाजूला घेतलं.

"बाने उपर कॅफेमां जमाडी दो ने. पग देखाय छे."

"आईंनी वर कॅफेत का जेवायचं? नऊवारी आहे, पाय दिसणारच."

"समजुं छुं, बेन. पण जहाजाचा नियम आहे."

सासूबाईंचे कान तिखट. मी तोंड उघडायच्या आत त्या वळल्यासुद्धा. "नियम आहे तर आहे. दरबारात पगडीवाचून कोणाला आत घेत नव्हते." चेहऱ्यावर काही नाही. मला त्या म्होरक्यापेक्षा याचाच जास्त संताप आला. आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, आणि ही बाई दाराचीच बाजू घेते.

नवरा म्हणाला, "वाद नको, सगळे बघताहेत."

"बघू देत," म्हटलं आणि टाचा वाजवत खाली गेले. म्होरक्या मागे. दालनाच्या दारात एक जपानी आजी किमोनो घालून आत शिरत होती. मी दारावरच्या गोऱ्या माणसाला माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, ज्याचा त्याचा देशी पोशाख चालतो, अवश्य या.

मी म्होरक्याकडे वळले. "कुठे आहे नियम?"

"बेन, ग्रुपच्या इज्जतीसाठी बोललो. दुसरे ग्रुप काय म्हणतील?"

म्हणजे गोऱ्या माणसाला चालत होतं ते आमच्याच बडोद्यातल्या, निजामपुऱ्याच्या माणसाला चालत नव्हतं. मी त्याला काय बोलले ते छापण्यासारखं नाही. उंच टाचांच्या चपला हातात घेतल्या आणि तो बकरमाचा तंबू सावरत जिना चढले.

सासूबाई सुती लुगड्यात बसल्या होत्या. चंदेरी घडी करून पेटीत गेलेली. डब्यातला एक थेपला खाऊन झाला होता.

"चला आई, नियमबियम काही नव्हता."

"नव्हता?"

"नव्हता."

"मी परत नेसते म्हटलं तरी आता हात वर जात नाहीत गं," त्या म्हणाल्या. "तू जा. एवढा खटाटोप करून गाऊन शिवून घेतलायस."

मी चंदेरी नेसवते म्हटलं, अशाच चला म्हटलं. नाही म्हणजे नाही. फॉर्मल नाइट त्या सहलीत एकच होती. मी गाऊन काढून फेकला आणि उरलेले थेपले खाल्ले. नवरा जेवून आला तेव्हा आम्ही दोघी झोपल्याचं सोंग घेतलं होतं.

सकाळी चहाला म्होरक्या आला. "जय श्रीकृष्ण, बा," म्हणत वाकून त्यांच्या पाया पडला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"आता दिसले का पाय?" मी विचारलं.

तो हसला. सासूबाईंनी मला टेबलाखालून कोपर मारलं आणि त्याला म्हणाल्या, "बस बाळा, चहा घे."

त्याने घेतला. दोन कप.