खोट्या अर्थाचं बटण

शिवणखोलीत चिंध्या जमतात तसेच किस्सेही जमतात. फेकायचे म्हटले तर जीव होत नाही आणि ठेवायचे म्हटले तर पिशवी पुरत नाही.

सेलूच्या आमच्या शिवणखोलीत आम्ही चौघी. खोली शीलाकाकूंची, मशिनी त्यांच्या आणि आवाजही त्यांचाच! तारामावशी हाताने काजं करतात. शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. निशा बी.ए. आहे, आणि हे आम्हाला दिवसातून दोनदा तरी कळतं. चौथी मी. माझं शिक्षण सातवी. खोलीत हे सगळ्यांना माहीत आहे. खोलीबाहेर मात्र माझी लेक गुड्डी आणि तिची शाळा मला बारावी समजतात.

त्याचं असं झालं की पहिलीच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा रकाना होता. माझ्या पुढच्या बाईने 'पदवीधर' लिहिलं, मागे रांग उभी. 'सातवी' लिहायला पेन टेकवला आणि 'बारावी' लिहून उचलला! तेव्हापासून शाळेचा फोन आला की मी आधी पाणी पिते, मग उचलते.

* * *

खेळ सुरू झाला तो एका जाड शब्दकोशामुळे. एका रिटायर गुरुजींच्या घरची रद्दी निघाली, त्यातून शीलाकाकूंनी तो उचलून आणला. वाचायला नाही. कापताना कापड सरकू नये म्हणून वर ठेवायला!

जेवणाच्या सुट्टीत एकीने कोश उघडायचा, कोणाला माहीत नसेल असा शब्द काढायचा आणि दोन अर्थ सांगायचे. एक पुस्तकातला, एक पोटातला. बाकीच्यांनी ज्यावर विश्वास बसेल त्या बाजूला शर्टाचं एक बटण ठेवायचं. पोटातल्या अर्थावर पडलेली बटणं सांगणारीची. शेवटी जिच्याजवळ सर्वात कमी, तिने त्या दिवशीची सगळी काजं करायची. शाळांच्या गणवेशाचे दिवस म्हणजे काजं संपतच नाहीत, त्यामुळे खेळ फार मन लावून चालायचा.

बहुतेक वेळा मीच जिंकायचे. एकदा निशाने विचारलं, "ताई, तुम्ही इतक्या शांतपणे कशा फेकता हो?"

मी म्हटलं, "दवाखान्यात, बँकेत, शाळेत समोरचा काय बोलून राह्यला ते न समजता मान हलवते मी. दहा वर्षांची प्रॅक्टिस आहे मले!"

* * *

एकदा निशाने शब्द काढला, 'तुंदिल'. एक अर्थ सांगितला, "पोट सुटलेला." दुसरा सांगितला, "राजे लोकांचा ढगळ, ऐटदार पोशाख." बटणं सगळी पोशाखावर पडली, म्हणजे सगळी निशाची झाली.

तेवढ्यात पँटचं माप द्यायला एक सर आले. त्यांनी दारातून शेवटचंच ऐकलं असावं. माप देताना श्वास आत ओढून धरला होता, तरी टेप पुरवून पुरवून घ्यावा लागला. जाताना काकूंना म्हणतात, "ते आत्ता सांगत होत्या ना, मले तसंच पाहिजे. एकदम तुंदिल!"

काकू गंभीरपणे म्हणाल्या, "तुमचं तसंच होईल, सर. काळजीच नोका करू."

निशाने मापाच्या वहीत सरांच्या नावापुढे लिहूनही ठेवलं!

* * *

तारामावशींना वाचता येत नाही म्हणून त्या फक्त बटणं ठेवायच्या. एक दिवस त्या रुसल्या. "मले काऊन पाळी नाई देत वं? मी का माणूस नाई का?"

काकूंनी कोश त्यांच्या मांडीवर ठेवला. मावशींनी चष्मा पुसला, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "घुलमाळ." मग थोडं थांबून, "एक अर्थ, बैलाच्या गळ्यातली लाकडी मण्यांची माळ. दुसरा, विहिरीत उतरायच्या पायऱ्या."

आम्ही विचारात पडलो. निशा मात्र ठामपणे म्हणाली, "पायऱ्याच! सेकंड इयरला होता आम्हाले हा शब्द." म्हणून मीही पायऱ्यांवर ठेवलं, काकूंनी माळेवर.

"आता खरा कोणता ते वाचा," काकू म्हणाल्या.

"वाचू कशी? मले का वाचता येते?" मावशी तिन्ही बटणं गोळा करत म्हणाल्या. "दोन्ही पोटातलेच होते."

"आणि शब्द?"

"तो बी!"

निशा तेव्हापासून सेकंड इयरचं नाव काढत नाही.

* * *

एकदा माझ्या वाट्याला 'पाथेय' आला. पुस्तकातला अर्थ, प्रवासात बरोबर घ्यायची शिदोरी. पोटातला मी सांगितला, "माहेरच्या घरात लेकीची जेवायला बसायची जागा. ती सासरी गेल्यावर तिथे कोणी बसत नाही."

मावशींचं बटण लगेच पडलं. निशा शिदोरीवर गेली. काकूंनी हातातलं बटण बराच वेळ फिरवलं आणि माहेरच्या बाजूला ठेवलं.

खरा अर्थ वाचून दाखवला तर काकू म्हणतात, "माहीत होता. माह्या बाबाच्या तोंडी होता हा शब्द."

निशा उसळली, "मग चुकीचं काऊन ठेवलं, काकू? हे तर चीटिंग झालं!"

"चीटिंग काहीची? खोटं आहे हे समजूनही आवडलं, तर बटण द्यावं लागते. आजपासून हाच नियम."

गुड्डी तेव्हा चौथीत होती. शाळा सुटली की मशिनीखाली बसून अभ्यास करायची. तिने खालून विचारलं, "आजी, हा नियम सगळ्याईले आहे?"

"सगळ्याईले!" काकू म्हणाल्या. त्या दिवशीची काजं त्यांनाच करावी लागली.

* * *

सवय वाईट. गुड्डीने एकदा घरी विचारलं, "आई, परिमिती म्हणजे काय?" मी भाकरी थापत होते. सातवीपर्यंत कधीतरी शिकलेही असेन, पण आठवेना. तोंडातून निघालं, "गणितात शेवटी उरतो ना, तो आकडा."

तिने तेच वहीत लिहिलं. मॅडमने लाल पेनाने गोल करून खाली विचारलं, 'हे कोणी सांगितले?' गुड्डीने त्याच्याही खाली लिहिलं, 'माझ्या आईने. ती बारावी आहे.'

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली. आईने शाळेत येऊन भेटावे, येताना कपडे मोजायचा टेप आणावा.

टेप कशाला, हे कोणालाच सांगता येईना. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. काकू म्हणाल्या, "जाय बिनधास्त. नाई समजलं तर मान हलवजो!"

मॅडमचं वय माझ्याएवढंच. मला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "या टेबलाच्या चारही बाजू मोजा बरं." मी मोजल्या. "आता सगळ्या मिळवा." मिळवल्या. मॅडम पोरांना म्हणाल्या, "ही परिमिती. या ताई दिवसभर हेच काम करतात!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान हलवली.

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "बारावी कुठून केली तुम्ही?"

"बाहेरून, मॅडम," मी म्हटलं. गुड्डी माझ्या बाजूलाच उभी होती.

* * *

तेवढ्यावर सुटका झाली असती. पण गुड्डीने वर्गाला आमच्या खेळाचं आधीच सांगून ठेवलं होतं. पोरांनी हट्ट धरला. मॅडमने शाळेचा शब्दकोश काढून दिला. बटणं नव्हती म्हणून पोरांनी हात वर करायचं ठरलं.

मी शब्द काढला, 'ऊर्णनाभ'. पहिला अर्थ सांगितला, कोळी, जाळं विणणारा. दुसरा, लोकर विणायची लांब सुई. सुईला सगळ्या वर्गाचे हात वर! मॅडमचाही. फक्त गुड्डीचा हात खाली, आणि कोळी म्हटल्यावर एकटीचा वर.

मॅडमला नवल वाटलं. "तुला कसं कळलं गं?"

"मॅडम, सोपं आहे. आई पोटातलं सांगते तेव्हा टेप बोटाले गुंडाळते."

सगळा वर्ग माझ्या हाताकडे पाहायला लागला. टेपाचे तीन वेढे होते बोटाला. मॅडम खूप हसल्या, मीही हसले. घरी येईपर्यंत मात्र एकच गोष्ट आठवून पाहत होते. बारावीचं सांगितलं तेव्हा टेप गळ्यात होता की बोटाला? अजूनही आठवत नाही.

ही बातमी निशापर्यंत पोचली आणि माझं राज्य बुडालं. महिनाभर काजं मीच केली. तारामावशी बसल्या बसल्या माझी काजं पाहून नाक मुरडायच्या, "ढिली होऊन राह्यली वं!"

* * *

यंदा गुड्डी पाचवीत गेली. शाळा नवी, फॉर्म नवा. अक्षर तिचं माझ्याहून चांगलं, म्हणून शिवणखोलीतच, कापायच्या टेबलावर, ती भरायला बसली. नाव, पत्ता, जन्मतारीख विचारत विचारत खाली आली.

"आईचे शिक्षण," ती वाचून थांबली. "काय लिहू?"

निशाची मशीन थांबली. मावशींची सुई थांबली. काकू कापडावर रेघ मारत होत्या, त्या रेघच मारत राहिल्या. टेप मी केव्हाचाच खुंटीला टांगला होता.

"बारावी," मी म्हटलं.

गुड्डीने माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं. मीही पाहिलं तर बोटाला काळा दोरा, तीन वेढे.

तिने रकान्यात 'बारावी' लिहिलं, सुवाच्य, शिरोरेघेसकट. पेनाला टोपण लावलं. मग कंपास उघडून कोपऱ्यातून शर्टाचं एक पांढरं बटण काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.