अंगणातलं ऑइल

माझ्या दिरांनी घेतलेली मोटार नवी नव्हती. वैरागच्या एका व्यापाऱ्यानं चार-सहा वर्षं वापरून काढून टाकलेली, कापडी टपाची, काळी, चार सिलिंडरची गाडी होती ती. दीर डॉक्टर होते. सोलापुरात त्यांचा दवाखाना होता, आणि बाजाराच्या दिवशी ते मंद्रूपला रोगी बघायला जात. मोटार घेतली ती त्यासाठी. पण चालवायची माझी धाकटी जाऊ.

ती पुण्याची. तिच्या वडिलांकडे मोटार होती आणि लग्नाआधीच ती शिकली होती. दिरांचा हात कॉलेजात असताना मोडून वाकडा बसलेला, त्यामुळे स्टिअरिंगचं चाक फार वेळ धरवत नसे. तेव्हा सोलापुरात बाईनं मोटार चालवणं म्हणजे केवढी गोष्ट. ती गाडी घेऊन निघाली की गिरणीतून सुटलेली माणसं रस्त्याच्या कडेला थांबून बघत. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला मला तिच्याबद्दल विचारत. माझ्याबद्दल विचारण्यासारखं काही नव्हतंच. मी शाळामास्तरांची बायको, घरातली थोरली सून. सासूबाई गेल्यावर स्वयंपाकघर माझ्या हातात आलं होतं, आणि मी ते नीट चालवत होते.

लोकांनी तिचं कौतुक केलं त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. मला लागलं ते मामंजींचं. सासरे रेल्वेच्या लोको शेडमध्ये फोरमन होते. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर पडवीतल्या आरामखुर्चीत बसून असत. मी त्यांचा चहा, त्यांचं पथ्य, त्यांच्या धोतराच्या निऱ्यासुद्धा सांभाळल्या होत्या. पण इतक्या वर्षांत ते माझ्याशी चहा, पथ्य आणि धोतर यांपलीकडे बोलले नव्हते. शेडमध्ये काय चाले, इंजिनं कशी येत, ते काय काम करत, हे मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. सासऱ्यांना असलं काही विचारायचं नसतं असं मी धरून चालले होते.

मोटार अंगणात आली आणि मामंजी खुर्चीतून उठले. शेडमध्ये साहेबांची पेट्रोलवर चालणारी ट्रॉली त्यांच्याच ताब्यात असे, त्यामुळे हे इंजिनही त्यांना परकं नव्हतं. बॉनेट उघडून ते आणि माझी जाऊ तासन्‌तास उभे राहत. ती विचारी, ते सांगत. ती हसे, तेही हसत. मामंजींना हसताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, आणि तव्यावरची पोळी करपली.

खिडकी अंगणाकडेच होती. त्यामुळे सगळं ऐकू यायचं. मी ऐकायचं नाही असं ठरवायची आणि भांडी हळू ठेवायची.

एकदा मामंजींनी इंजिनात ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. ज्या सिलिंडरचा प्लग त्याच जागी, म्हणजे घोटाळा होणार नाही. मग ते तिला म्हणाले की तुझा नवरा रोग्याची जीभ बघतो ना, तसं हे बघायचं. टोक तपकिरी, कोरडं असलं की सिलिंडर ठीक. काळं पण कोरडं, काजळीसारखं झटकलं की उडणारं असलं तर पेट्रोल जास्त जातंय. आणि काळं, ओलं, चकचकीत, बोटाला चिकटणारं असलं तर खालचं ऑइल वर चढून जळतंय. त्यांनी तिला तिसरा प्लग हातात दिला. तो तसाच होता, ओला. पहिले दोन आणि चौथा बरे होते.

प्लगच खराब असेल, असं ती म्हणाली. मामंजींनी तिसरा प्लग पहिल्याच्या जागी आणि पहिला तिसऱ्याच्या जागी लावायला सांगितला. ती मोटार घेऊन होटगीपर्यंत जाऊन आली. प्लग पुन्हा काढले, तर आता तिसऱ्या जागेवरचा चांगला प्लगही ओला झालेला. म्हणजे दोष प्लगात नव्हता, त्या सिलिंडरात होता. जाऊनं टाळी वाजवली. मामंजी तिच्याकडे असे बघत होते की जणू शेडमध्ये त्यांना एखादा हुशार शिकाऊ मिळाला असावा.

मी तेव्हा परातीत कणीक मळत होते. ही युक्ती मलाही सुचली असती, असं मला वाटलं. सुचली नसती हेही मला ठाऊक होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दरम्यान मोटार धूर सोडायला लागली होती. निळसर धूर, जळक्या तेलाच्या वासाचा. शिवाय खाली ऑइल गळू लागलं. मोटार तुळशीच्या अलीकडे, शहाबादी फरशीवर उभी राहायची, आणि ते काळे डाग घासायचं काम माझं. राख, शिकेकाई, गरम पाणी. डाग पुसट व्हायचा, जायचा नाही. जाऊ एकदा मदतीला आली, पण मीच तिला म्हटलं की राहू दे, तुझे हात मोटारीला लागतात. ती आत गेली. मी टोमणा मारला होता हे तिला कळलं की नाही, कोण जाणे.

दिरांनी स्टेशनाजवळच्या एका मिस्त्रीला बोलावलं. त्यानं गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि सांगितलं, ऑइल इंजिनाच्या मागच्या अंगानं, तळातून गळतंय. वर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सगळं इंजिन उतरवायला लागेल, माल मुंबईहून मागवावा लागेल. पावसाळा संपेपर्यंत तरी गाडी मिळायची नाही. दीर म्हणाले, मग नकोच, विकून टाकू आणि पूर्वीसारखा टांगा करू.

जाऊचं तोंड उतरलं. त्या दिवशी ती जेवायला बसली आणि न जेवताच उठली. आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. मोटार गेली की अंगण स्वच्छ होईल, मामंजी खुर्चीत परत येतील, आणि आम्ही दोघी पुन्हा सारख्या होऊ. तिला टांग्यात बसलेली मी डोळ्यांपुढे आणून पाहिली.

संध्याकाळी मामंजी पडवीत एकटेच बसले होते. मी चहा नेला. ते मिस्त्रीचं बोलणं स्वतःशीच घोळवत होते. तळातून गळतंय म्हणतो, तळातून, असं पुटपुटत होते. मी कप ठेवला. परत वळायचं होतं, पण पाय उचलेना. तिच्याशी ते जसं बोलतात तसं एकदा तरी माझ्याशी बोलावं, एवढंच तेव्हा मनात होतं. मोटार वाचावी असं मला मुळीच वाटत नव्हतं.

"मामंजी," मी म्हटलं, "तळातून गळत असेल तर रात्रभर गळायला नको का?"

त्यांनी मान वर केली.

"गाडी फिरून आली की लगेच डाग पडतो. तो मी पुसते. मग सकाळपर्यंत फरशी कोरडी असते. रोज मीच सडा घालते, मला दिसतं की."

मामंजींनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बसा सूनबाई."

त्यांच्यासमोर मी पहिल्यांदा बसले ती तेव्हा, खाली पायरीवर. त्यांनी मला विचारलं, डाग कुठे पडतो, पुढे की मागे, मंद्रूपहून आल्यावर मोठा पडतो की गावातल्या गावात फिरल्यावरही तेवढाच. मी सांगत गेले. घासून घासून माझ्या हाताला सगळं पाठ होतं. ते म्हणाले, इंजिन थांबलं की ऑइल सगळं तळाशी उतरून बसतं. तळाला भोक असतं तर उभ्या गाडीतूनही थेंब पडत राहिले असते. चालू असतानाच गळतंय म्हणजे वरून कुठून तरी येतंय आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागे ढकललं जाऊन तिथून ठिबकतंय. ओल दिसते एकीकडे आणि निघते दुसरीकडे. ते माझ्याशी बोलत होते. चहा गार झाला तरी त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन रॉकेलनं धुऊन काढलं. मामंजी म्हणाले की आता यावर पांढरी पूड मारायची, म्हणजे पहिली ओल कुठे उमटते ते कळेल. मी धावत जाऊन रांगोळीचा डबा आणला. त्यांनी हात आडवा केला. रांगोळी दगडाची असते, कण आत गेला तर इंजिन खाऊन टाकील. जाऊ तिथेच उभी होती. ती हसली नाही, पण मला ती हसल्यासारखीच वाटली. मी आत गेले आणि यांच्या शाळेचे खडू पाट्यावर वाटून आणले.

खडूची पूड फडक्यातून झटकली. जाऊनं इंजिन चालू केलं. आम्ही तिघं वाकून बघत होतो. तळ पांढराच राहिला. बऱ्याच वेळानं इंजिनाच्या कुशीला, व्हाल्व्हच्या झाकणाच्या कडेला एक करडी रेघ उमटली, ओली झाली आणि हळूहळू मागे सरकत गेली. मामंजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या झाकणाखालचं पॅकिंग गेलं होतं. जाड कागद कापून तेलात भिजवून बसवायचं काम, एका दुपारचं.

ती मान हलवणं मला पुष्कळ दिवस पुरलं असतं. पण जाऊ म्हणाली, "मामंजी, पॅकिंग एकाएकी का जावं? आणि तिसऱ्या सिलिंडरात ऑइल का चढावं? आत कोंडतंय का काही?"

असं म्हणून तिनं ऑइल भरायच्या नळीचं टोपण काढलं. त्या टोपणातच इंजिनाला श्वास घ्यायची जाळी होती. ती तिनं उजेडात धरली. जाळी दिसतच नव्हती. कापसाची बारीक तूस आणि धूळ ऑइलात भिजून त्यांचं घट्ट नमद्यासारखं बूच झालं होतं. आमच्या घरावरून गिरणीकडे कापसाच्या गाड्या जायच्या, कापूस सगळीकडे उडत असे. आतली वाफ कोंडली, दाब वाढला आणि वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकललं गेलं.

मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझा शोध होता तो, माझी कोरडी फरशी होती. आणि शेवटी हात तिच्या डोक्यावर. मी खडूचं वाटण धुवायला आत गेले आणि पाटा इतका घासला की यांनी विचारलं, काय झालं.

जाळी धुतली, पॅकिंग बदललं. धूर बराच कमी झाला, अंगण कोरडं राहू लागलं. तिसरा प्लग मात्र थोडा ओला व्हायचाच. तो सिलिंडर मुळातच झिजलाय, मामंजी म्हणाले, रिंगा आज ना उद्या बदलायला लागतील, तोवर प्लग साफ करत राहायचं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे काम तुमच्याकडे सूनबाई. तुमचा हात स्वच्छ आहे."

मी ते काम घेतलं. पान्यानं प्लग सोडवायचा, रॉकेलात बुडवायचा, तारेच्या ब्रशानं घासायचा, टोकांमधली फट पोस्टकार्डाच्या जाडीनं जोखायची. मला ते आवडायला लागलं. पण गाडी चालवत निघून जाणारी ती, आणि तिच्यासाठी प्लग घासून देणारी मी, हा विचार काही सुटेना.

एका बाजाराच्या दिवशी दीर आदल्या रात्रीच मंद्रूपला राहिले होते. औषधांची पेटी पोचवायची होती, म्हणून आम्ही दोघीच निघालो. वाटेत मोटार आचके द्यायला लागली आणि जोर गेला. जाऊनं ती बाभळीखाली थांबवली. मी उतरले, पदर खोचला, बॉनेट उघडलं. तिसराच असणार हे मला माहीत होतं. प्लग तापलेला होता, फडक्यातूनही बोट भाजलं. मी तो पुसला, घासला, परत बसवला.

तोवर बाजाराला निघालेले शेतकरी बैलगाडी थांबवून बघत होते. त्यांतला एक म्हातारा जाऊला म्हणाला, "बाई, मोटार तुमी चालवता व्हय?"

"मी चालवते," ती म्हणाली, "पण ती चालते यांच्यामुळे. यांनी नीट केली नाही तर मी इथंच बसून राहीन."

म्हातारा माझ्याकडे वळला. माझे हात कोपरापर्यंत काळे होते. "लई अवघड काम हाय की," तो म्हणाला.

मंद्रूप जवळ आल्यावर ती समोर बघतच म्हणाली की वहिनी, तुम्ही शिकता का चालवायला? परतताना रस्ता मोकळा असेल. इतके दिवस ती हे विचारील म्हणून मी थांबले होते, आणि तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून लगेच हो निघालं नाही. घ्यायचं ते तिच्याकडूनच घ्यावं लागतंय, हे घशाखाली उतरेना. मग मी हो म्हटलं.

मला मोटार चालवणं कधीच जमलं नाही. तिनं पुष्कळ शिकवलं, ती रागावली नाही, एकदा मी गाडी फाटकाच्या खांबाला घातली तेव्हाही नाही. तिचं ते न रागावणंही मला सोसत नसे. शेवटी मीच नको म्हटलं.

पुढे दीर पुण्याला गेले आणि मोटार त्यांच्याबरोबर गेली. घर एकदम शांत झालं. मामंजी पुन्हा खुर्चीत बसू लागले, पण आता चहा घेऊन गेले की ते म्हणत, बसा. त्यांनी मला शेडमधल्या गोष्टी सांगितल्या. एकदा एका इंजिनाचा वाफेचा नळ फुटला तेव्हा त्यांनी काय केलं, साहेब काय म्हणाले, हे सगळं मी पायरीवर बसून ऐकलं. काही गोष्टी ऐकता ऐकता मला वाटायचं की या त्यांनी तिला आधीच सांगितल्या असतील. मग मी विचारायची, "ही तिला माहीत आहे का?"

ते म्हणत, "नाही."

खरं असेल की मला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील, मी कधी तपासलं नाही.