चावडीतले पास, पडद्यापुढले नापास

हसणार नसाल तर सांगतो. मुकुटबनचा सिनेमा घालवला कोणी? मीच की!

साठ-बासष्टची गोष्ट असेल. मी तिथे शाळामास्तर. नागपूरहून विद्यापीठाची फिरती प्रयोगशाळा आली. प्रयोगशाळा म्हणजे काय, एक जीप, एक पडदा आणि एक कडक प्रोफेसर! सिनेमाचा माणसावर काय परिणाम होतो, ते म्हणे तपासायचं.

"अर्ध्या गावाला नारू रोगाचा सिनेमा दाखवू," साहेब म्हणाले, "अर्ध्याला नाही. सकाळी प्रश्न सगळ्यांना. परिणाम दिसला, तर दर महिन्याला सिनेमाची गाडी इथे!"

दर महिन्याला सिनेमा! एरवी वणी गाठावी लागे हो. गाव नुसतं वेडं झालं.

मला मात्र काळजी. मास्तर तो मास्तर, प्रश्न म्हटले की मला परीक्षाच दिसते. ज्यांनी पाहिलंच नाही ते काय कपाळ सांगणार? अर्धं गाव नापास, मग कसली गाडी?

नेमकं त्या अर्ध्यांना चावडीत सांभाळायचं काम माझ्याकडे. आणि प्रश्न मला ठाऊक! साहेबांनी ते माझ्याकडूनच गावच्या बोलीत करून घेतले होते. तिकडे पडदा लागला, इकडे मी दार लावलं. नारू कशानं होतो? पाणी कसं गाळायचं? घोकून घोकून घेतलं. सायकली दुरुस्त करणारे रहीमचाचा घामाघूम.

"गुर्जी, मले तं लहानपणी बी कोणी इतकं रगडलं नाही!"

"चाचा, गावाच्या इज्जतीचा सवाल हाये! म्हणा पुन्हा!"

सकाळी साहेब टेबल मांडून बसले. आधी सिनेमा पाहिलेले.

"नारू कशानं होतो?"

"ते नाही मालूम साहेब. पण त्यातली बैलजोडी! काय शिंगं होती जी!"

दुसऱ्यालाही बैलच आठवले. तिसऱ्यालाही.

मग आले माझे पठ्ठे. चाचांनी तर प्रश्न संपायच्या आत उत्तर फेकलं! मी खुशीत, पण साहेबांचा चेहरा उतरत चाललेला. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"गुरुजी, पाहिलेले कोरे, न पाहिलेले पंडित. हे कसं?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. खोटं बोलावं तर पकडलो जाणार, खरं बोलावं तर नोकरीवर गदा. आणि तोंडातून निघूनच गेलं, "साहेब, यांना... मी शिकवलं जी."

साहेबांनी पडदा गुंडाळायला लावला. जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "गाडी दुसऱ्या गावाला पाठवतो. इथे तुम्हीच पुरे!"

संध्याकाळी बाहेर येतो तर शाळेपुढे सतरंजी! पुढे चाचा, मागे सगळं गाव मांडी घालून बसलेलं.

"काहून बसले, चाचा?"

"साहेब बोलला ना, गुर्जी पुरे म्हणून? मंग करा सुरू. पयले गाणं होऊ द्या!"