डाव सोडणारे साडू

पत्ते खेळून जिंकणारे लोक नागपुरात गल्लोगल्ली सापडतील. पण पत्ते टाकून देऊन जिंकलेला माणूस अख्ख्या विदर्भात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. साडू या नात्यात कौतुक सहसा बसत नाही. सासुरवाडीला कुणाच्या पोळीवर तूप जास्त पडलं, हे दोघेही न बघितल्यासारखं करून बघत असतात. तरीही भाऊबीजेच्या त्या दुपारची गोष्ट निघाली की मीच ती सगळ्यांच्या आधी सांगायला लागतो.

साडूंचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे आणि राहायला ते मनीषनगरला. दुकानाच्या रिकाम्या वेळात मोबाइलवर पोकर खेळता खेळता त्यांना साक्षात्कार झाला की पहिले दोन पत्ते हातात आले की तिथंच अर्धा डाव होऊन जातो. पत्ते घेण्याजोगे असतील तर घ्यायचे, नाहीतर निमूट टाकायचे. यात बुद्धी ती काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, दुकानात शंभर तागे असतात. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकापुढे सगळे उलगडत बसतो का मी?" शिवाय बसायची जागाही महत्त्वाची. आधी बोलायची पाळी आली तर एक्का-राजा नाहीतर मोठी जोडी, याखाली बात नाही. सगळ्यात शेवटी पाळी असली तर थोडं हलकंही चालतं, कारण तोवर बाकीच्यांची तोंडं वाचून झालेली असतात. हे तत्त्व ते लग्नाच्या बुफेतही पाळतात. सगळ्यात शेवटी ताट उचलतात आणि लोकांनी ताटात काय टाकलंय ते पाहत एक फेरी मारून मगच भाजी ठरवतात. आमची वाढून घेतलेली पनीरची भाजी आम्ही निमूट चिवडत असतो तेव्हा ते शांतपणे वांग्याचं भरीत खात असतात, आणि भरीतच चांगलं झालेलं असतं.

त्यांचं दुसरं तत्त्व याहून खोल. समोरच्याकडे काय आहे, हे कधी विचारू नये. काय काय असू शकतं, ते सगळं डोळ्यांपुढे आणावं, आणि तो जसजसा वागेल तसतसं त्यातून एकेक वगळत जावं. "आता आमची मंडळी गप्प बसली," ते एकदा मला म्हणाले, "तर कारणं लय असू शकते. पण वगळत वगळत गेलं की शेवटी मीच उरतो."

या माणसाच्या नशिबी सासरे आले ते बाबूजी. सक्करदऱ्याच्या त्या घरात बाबूजींनी जन्मात कधी पत्ता टाकला नाही. तीन पत्तीत ते पत्ते न बघताच चाल करत आणि हरले तरी मिशीत हसत. साडूंच्या दिवाळसणाला बाबूजींनी हौसेनं डाव मांडला, तर नवे जावई प्रत्येक वेळी पत्ते बघायचे, नीट जोडायचे आणि खाली ठेवायचे. शेवटी बाबूजी म्हणाले, "काहून गा, माह्या पोरीले हो म्हणाले तवा तरी मनात धाकधूक झाली नव्हती ना?" त्या दिवसापासून त्या घरात 'जावईबापू' फक्त मी. साडूंचा उल्लेख 'ते मनीषनगरवाले'. सगळे हसायचे, साडूही हसायचे. माझी मेहुणी मात्र हसायची नाही. आपल्या नवऱ्याला बाबांनी एकदा तरी जावईबापू म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं, आणि दर दिवाळीला ती ते मनात घेऊन परत जायची.

त्या भाऊबीजेला साडूंनी पोकरचा प्रस्ताव मांडला. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते, मधे पाच उघडे, सातांतले चांगले पाच आपले. बाबूजींना झाकून दोनच पत्ते मिळणार ही कल्पना फारशी रुचली नाही, पण ते तयार झाले. नाण्यांऐवजी शंकरपाळे घेतले. मी माझे निम्मे खेळायच्या आधीच खाऊन बसलो, तो भाग वेगळा. "अहो, आज तरी बाबांपुढे पत्ते फेकू नका," मेहुणीनं हळूच सांगितलं. "चांगले आले तर नाही फेकत," साडू म्हणाले, आणि जेवणं आवरल्यापासून चहा होईपर्यंत त्यांनी एकूण एक डाव सोडला. "पळाले मनीषनगरवाले," बाबूजी दर वेळी म्हणायचे. मेहुणीनं त्यांच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं.

चहानंतर साडूंनी पत्ते बघितले आणि ते खाली ठेवले नाहीत. त्यांनी शंकरपाळे पुढे सरकवले. मी आणि मेहुणीनं ताबडतोब पत्ते टाकले. हा माणूस खेळतोय म्हणजे आपण उठलेलं बरं. पण बाबूजी कशाला उठतात? मधे बदाम नव्वी, किलवर अठ्ठी आणि बदाम सत्ती आली. बाबूजींनी मूठभर शंकरपाळे टाकले; साडूंनीही तेवढेच. चौकट राणी आली, पुन्हा तेच. शेवटी बदाम दुर्री आली आणि साडूंनी आपली सगळी रास मधे लोटली. बाबूजींनीही लोटली आणि दश्शी-गुलाम आपटले. अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. "सिक्वेन्स," म्हणत त्यांनी रास ओढायला हात घातला. साडूंनी बदामचा एक्का आणि राजा मांडला; मधले तीन धरून पाचही पत्ते बदामचे. "कलर," ते म्हणाले.

"मग? सिक्वेन्स मोठी असते," बाबूजी म्हणाले. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. जन्मभर तीन पत्ती खेळलेल्या कुठल्याही नागपूरकराला तसंच वाटेल.

"याच्यात कलर मोठा, बाबूजी."

"कोन्त्या गावात?"

मेहुणीचा चेहरा पडला. साडूंनी आवाज चढवला नाही. "बाबूजी, तीन कुर्त्यांचं कापड एका रंगात कोणीही देईल. पाच भावांचे पाच फेटे एका रंगात मागा, अख्खं गांधीबाग पालथं घालावं लागते." एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं माझ्या लग्नातला फोटो आहे. बाबूजी आणि त्यांचे चार भाऊ फेटे बांधून ओळीनं उभे आहेत. चार फेटे गुलाबी आणि पाचवा, खुद्द बाबूजींचा, भलताच भगवा. तो पाचवा गुलाबी फेटा शोधायला बाबूजी दोन दिवस बाजारात फिरले होते, हे आम्हाला तोंडपाठ होतं. बाबूजी फोटोकडे बघत राहिले. मग पोट हलेपर्यंत हसले आणि दोन्ही हातांनी रास साडूंकडे ढकलत म्हणाले, "हाव बा, पाच लय कठीण असते. घ्या, जावईबापू."

मेहुणी पदर डोळ्यांना लावून आत गेली ती थेट पुरणाची पोळी घेऊनच आली, आणि त्या पोळीवर किती तूप होतं ते मी पाहिलं. विश्वविजेत्याला लाजवील अशा थाटात साडूंनी ती पोळी खाल्ली. त्यानंतर मला शंकरपाळे विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नाही. पण मला राग आला नाही. उलट इतकं बरं वाटलं की मी उठून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

बाबूजी आता नाहीत. भाऊबीजेला आम्ही अजून त्या घरी बसतो, फोटोखाली, बाबूजींच्या जागेवर साडू. पहिला डाव ते पत्ते न बघता खेळतात, सगळी रास लावून. यंदा उघडले तर सत्ती-दुर्री निघाली, पोकरमधले सगळ्यात वाईट पत्ते. माझ्याकडे साधी चौक्यांची जोडी होती. "काहून न बघता?" मी विचारलं. "हा डाव बाबूजींचा असते," ते म्हणाले आणि रास माझ्याकडे ढकलली. "घ्या, जावईबापू."

आम्हा दोघांनाही तसं म्हणणारं त्या घरात आता कुणी उरलं नाही. म्हणून पहिल्या डावाला आम्हीच एकमेकांना म्हणून घेतो. दुसऱ्या डावाला साडूंनी पत्ते बघितले, नीट जोडले आणि खाली ठेवले.