तोंड झाकून बोलू नको

"माझंच चाललंय ना?" बायकांच्या कुठल्याही घोळक्यापाशी आली की मावशीचा हा पहिला प्रश्न. अशी संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण हिनं मला पार दमवलं.

श्रीवर्धनजवळच्या तिच्या गावात आम्ही मोठ्या माणसांचे कान तपासायला गेलो होतो. सून तिला घेऊन आली. ओळख ना पाळख, तर मावशी मलाच म्हणाली, "हिनंच शिकवून ठेवलंय ना तुला?"

पहिली तपासणी साधी असते. आम्ही ओठ झाकून हळू आवाजात एकेक शब्द बोलतो, समोरच्यानं तो परत म्हणायचा. मी तोंडापुढे कागद धरून दोन-चार शब्द बोलले आणि मावशी उखडली.

"तोंड झाकून बोलू नको, बाय. आमची धाकटी पन अशीच, मान खाली घालून कुजबुजायची."

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दोघी शेजारणींबरोबर पडवीत सुपारी सोलायला बसत. एकदा हिनं तिला सगळ्यांदेखत 'घरफोडी' म्हटलं. धाकटी मुकाट्यानं उठली आणि माणगावला लेकीकडे राहायला गेली.

आता मला सांगा, सुपारी सोलताना मान वर कोण ठेवील? नजर सोलायच्या पात्यावरून हलली की बोट कापलंच. मी कागद बाजूला केला आणि तेच शब्द तितक्याच हळू बोलले. मावशीनं घडाघडा सांगितले. परत ओठ झाकले, तर चूप. इतकी वर्षं ती माणसांचे ओठ वाचत होती आणि तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला, मलाही वाईट वाटलं.

पुढे कानाचं यंत्र मिळालं. त्यावरही शंका, "ह्यात माझं बोलनं भरून घेत न्हाय ना?"

मी यंत्र तपासायला परत गेले, तेव्हा मावशी घरी नव्हती. काय झालं ते सुनेनं सांगितलं. यंत्र घालून ती पहिल्यांदा सोलायला बसली आणि दुपारभर नुसती ऐकत राहिली. कुणाचं कालवण, कुणाचे गुडघे. हिचं नावही कुणी घेतलं नाही.

शेवटी तिनं विचारलं, "मंग धाकटी काय बोलायची गं?"

"तुझ्याशीच बोलायची की," शेजारीण म्हणाली. "पानी हवं का, पाठ दुखते का. तू उत्तरच देत नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी मावशीनं माणगावची एसटी धरली. तेव्हापासून ती पुतणीच्याच घरी आहे. धाकटी चहा देते, ताट वाढते, पण तिच्याशी एक शब्द बोलत नाही.

यंत्र रात्री काढून ठेवायचं, असं मी तिला बजावून सांगितलं होतं. मावशी ते झोपतानाही काढत नाही. न जाणो, धाकटीनं हाक मारली तर.